पुढची कुस्ती कधी?

हेलसिंकी, जुलै १९५२. गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी झुंजून मॅटवरून खाली आले. लढत लांबली होती, अंगात त्राण उरलं नव्हतं. तेवढ्यात पुकारा झाला, की आता लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोवशी कुस्ती. दोन लढतींच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपल्या पथकातलं कुणी त्या वेळी जवळ नव्हतं, असं सांगतात. खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. पदक ब्राँझचं मिळालं.

ही गोष्ट आपण अन्यायाची म्हणून सांगत आलो आहोत, आणि ती आहेच. मला मात्र तिच्यातला तो अर्धा तास कायम खुणावतो. अर्ध्या तासात माणसाच्या अंगात असं काय परत येतं, की ते न मिळाल्याची हळहळ अजून वाटावी?

बरंच काही येतं. झटापटीत स्नायू सगळ्यात आधी हात घालतो तो क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यात. हा साठा म्हणजे गल्ल्यातली सुटी रोकड. जोर लावला की काही सेकंदांत संपते, आणि थांबलं की पाचेक मिनिटांत बहुतेक भरूनही निघते. रक्तात चढलेलं लॅक्टेट साधारण पंधरा-वीस मिनिटांत निम्म्यावर येतं. नुसतं बसून न राहता हळूहळू चालत राहिलं तर आणखी लवकर. श्वास खाली बसतो, हाताची पकड परत येते. जे अर्ध्या तासात होत नाही तेही सांगायला हवं. स्नायूत साठवलेली साखर भरायला एक अख्खा दिवस जातो. आणि स्नायूच्या धाग्यांना आत जी बारीक मोडतोड झाली असेल, तिच्या डागडुजीला तीन-चार दिवस, कधी आठवडा.

मिनिटं, तास आणि दिवस अशी ही तीन वेगवेगळी कामं आहेत. आपण त्या तिन्हींना मिळून ‘थकवा भरून काढणं’ म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. व्यायामानंतर काय खावं, किती वेळात खावं, बर्फात बसावं की शेक घ्यावा, या प्रश्नांवर गेल्या साठेक वर्षांत ढीगभर संशोधन झालं आहे. त्यातली अर्धीअधिक भांडणं केवळ एक प्रश्न आधी न विचारल्यामुळे झाली, असं माझं मत आहे. तालमीतला वस्ताद तो प्रश्न सहज विचारतो: पुढची कुस्ती कधी?

साखरेपासून सुरुवात करू. जोराच्या व्यायामात स्नायू जाळतो ती मुख्यतः ग्लायकोजेन नावाची साठवणीची साखर. बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या माणसाच्या स्नायूंत मिळून ती चार-पाचशे ग्रॅम असते, यकृतात शंभरेक ग्रॅम. दोन-अडीच तास दमदार पळालं की तळ दिसू लागतो. मॅरेथॉन पळणारे ‘तिसाव्या किलोमीटरला भिंत आडवी आली’ म्हणतात, त्या भिंतीमागे बहुतेक वेळा हीच रिकामी कोठी असते.

ती भरते कशी, हे शोधणारा प्रयोग मला विज्ञानातल्या सगळ्यात मजेशीर प्रयोगांपैकी एक वाटतो. १९६६ साली योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन स्वीडिश डॉक्टरांनी स्वतःवरच तो केला. एकच सायकल, तिच्या दोन बाजूंना दोघे, आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारायचं. तो पाय पार रिकामा होईपर्यंत. दुसरा पाय नुसता सोबतीला. मग मांडीत जाड सुई घालून स्नायूचा कण काढायचा, दोन्ही पायांचा, आणि असं रोज. पुढचे तीन दिवस भरपूर पिष्टमय जेवण. अन्न एकाच पोटात गेलं, रक्त दोन्ही पायांना सारखंच मिळालं. पण राबलेल्या पायाने जवळजवळ दुप्पट साखर साठवली, आरामात बसलेल्या पायाने फारशी नाही. म्हणजे भरून घेण्याची हाक राबलेला स्नायू स्वतःच देतो. उजव्या मांडीने मेहनत केली तर डावीला त्याचा वाटा मिळत नाही. इतका चोख न्याय शरीराबाहेर क्वचितच दिसतो.

मग प्रश्न आला घाईचा. १९८८ साली जॉन आयव्ही यांच्या गटाने दाखवलं, की व्यायाम संपताच साखर पोटात गेली तर पहिल्या काही तासांत स्नायू ती झपाट्याने साठवतो. तीच दोन तास उशिरा दिली तर वेग निम्म्याच्या आसपास येतो. या एका निष्कर्षावर पेयं, पावडरी, गोळ्या यांचा मोठा बाजार उभा राहिला. ‘खिडकी उघडी आहे तोवर खा’ हे वाक्य प्रत्येक जिमच्या भिंतीवर गेलं. पण १९९७ साली दुसऱ्या एका गटाने तोच प्रश्न जरा लांबवर नेला. लगेच खाणारे आणि दोन तासांनी खाणारे यांचे स्नायू आठ तासांनी आणि चोवीस तासांनी तपासले, तर साठा सारखाच. दोन्ही प्रयोग आपापल्या जागी बरोबर आहेत. संध्याकाळी परत मैदानात उतरायचं असेल तर घाई करा. उद्या सकाळी किंवा पुढच्या रविवारी उतरायचं असेल, तर घरी जा, अंघोळ करा, नीट जेवा.

घाई असलेल्यासाठीचा हिशोबही ठरलेला आहे: पहिले चार तास, दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम पिष्ट किंवा साखर. साठ किलोच्या पोरासाठी ते होतं तासाला साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे एक भरलेली प्लेट पोहे आणि एक केळं. असं चार वेळा. पंगतीत आग्रह करून वाढल्यासारखंच. कबड्डीच्या स्पर्धांना, जिथे एका दिवसात तीन-तीन सामने होतात, तिथे हे खरंच लागतं, आणि तिथेच पोरं सामन्यांच्या मध्ये एखादा वडापाव खाऊन वेळ काढतात. वडापावातल्या पावाबद्दल माझी तक्रार नाही. तळलेला वडा पोटात रेंगाळतो, घाईच्या वेळी ते परवडत नाही.

आता तालमीत जाऊ, कारण दिवसातून दोनदा अंग मोडून मेहनत करणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत. कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत पहाटे जोर-बैठका आणि लढत, संध्याकाळी पुन्हा मेहनत. दोन्हींच्या मध्ये खुराक, मालिश आणि झोप. सकाळची मेहनत संपली की एक-दोन पोरं थंडाईला बसतात. रात्री भिजवलेले बदाम अंगठा-तर्जनीत दाबले की साल सुटून बदाम टुणकन उडतो. नवख्या पोराचे दोन-चार हमखास मातीत जातात. मग दगडी कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची, आणि उभ्या लाकडी सोट्याने घोटत राहायचं. कुंडी दोन्ही पायांत घट्ट धरायची, सोटा गोल फिरवायचा. हेही एक खांद्याचं कामच. वाटण लोण्यासारखं झालं की दूध, खडीसाखर, आणि फडक्यातून गाळून मोठ्या पेल्यात.

या पेल्याकडे प्रयोगशाळेच्या चष्म्यातून पाहिलं तर खडीसाखर कोठी भरायला, दुधातली प्रथिनं डागडुजीला, दुधातलंच पाणी आणि क्षार घामाची भरपाई करायला. २००६ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने दमलेल्या सायकलपटूंना चॉकलेट घातलेलं दूध देऊन पाहिलं, आणि ते विकतच्या खेळाडू-पेयांच्या तोडीस तोड किंवा वरचढ ठरलं. सायकलपटू फक्त नऊ होते आणि खर्चाचा काही भाग दुग्धव्यवसायाच्या संस्थेकडून आला होता, हे विसरून चालणार नाही. पण नंतरच्या कामांनीही दुधाला खाली ढकललेलं नाही. २०१६ साली ब्रिटनमध्ये वेगवेगळी पेयं किती वेळ अंगात टिकतात हे मोजलं, तेव्हा साधं दूध आणि जलसंजीवनी पाण्यापेक्षा जास्त टिकली. दूध पोटातून सावकाश उतरतं आणि त्यात क्षार असतात, म्हणून लघवीवाटे ते लगेच निघून जात नाही.

पण म्हणून ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणायला मी तयार नाही. बदामाची चरबी पचायला वेळ घेते, आणि थंडाईबरोबर तूप-मटणाचा जो मारा असतो, तो दिवसाला पाच-सहा तास घाम गाळणाऱ्यालाच झेपतो. कुस्ती सुटली आणि खुराक सुटला नाही, अशा पैलवानांची पोटं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

प्रथिनांबद्दल आज जितकं बोललं जातं तितकं कशाबद्दलच बोललं जात नसेल. प्रथिनं इंधन म्हणून नव्हे, गवंडीकामाला लागतात. मेहनतीनंतर चोवीस तास आणि त्याहूनही जास्त काळ स्नायू नवी प्रथिनं विणत असतो, तेव्हा विटा लागतात. एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम बहुतेकांना पुरतात. दिवसाचं म्हणाल, तर २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला. त्यात वजन उचलणाऱ्यांचा फायदा किलोमागे रोज १.६ ग्रॅमपर्यंत वाढत गेला, पुढे सरासरी सपाट झाली. आणि ‘व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत’ हा नियम? २०१३ साली याच विषयावरचे प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की लगेच घेणाऱ्यांचा फायदा मुळात ते एकूणच जास्त प्रथिनं खात होते म्हणून होता. दिवसाची बेरीज समान केली की वेळेची जादू उडाली. २०२३ साली नेदरलँड्समधल्या एका गटाने तर एका बैठकीत १०० ग्रॅम दुधाची प्रथिनं देऊन दाखवलं, की शरीर ती वाया घालवत नाही. बारा तास सावकाश वापरत राहतं. तेव्हा जिममध्ये शेवटचा सेट संपायच्या आत शेकर खडखडवणाऱ्या पोरांनी जरा दमाने घ्यायला हरकत नाही. डबल रोटीसारखा दंड फुगवून आरशात पाहण्यापुरता वेळ तर नक्कीच आहे.

आपल्या ताटाची अडचण वेगळीच आहे. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, चहा-बिस्किट, म्हणजे सकाळचं सगळं पिष्ट. प्रथिनं येतात ती दुपारच्या वरणात, तीही वाटीला पाच-सहा ग्रॅम, आणि वरण पातळ असेल तर तेवढीही नाहीत. साठ किलोच्या, नियमाने वजन उचलणाऱ्या माणसाला १.६ च्या हिशोबाने रोज शहाण्णव ग्रॅम हवीत. शाकाहारात ती येतात का? दोन ग्लास दूध, शंभर ग्रॅम पनीर, दोन वाट्या घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ, चार पोळ्या, वाटीभर दही आणि मूठ-दीड मूठ शेंगदाणे-फुटाणे मिळून ऐंशीच्या जरा पुढे जातात. उरलेल्याला सोयाबीनच्या वड्या. मांसाहारी असाल तर दोन अंड्यांनी बारा भरून निघतात. जमतं, पण आपोआप जमत नाही, ठरवावं लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत अंग कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच सांगितलं आहे. मला ते सरसकट थोडं कडक वाटतं. रोज दोनदा मेहनत करणाऱ्या शाकाहारी पोराला चमचाभर चांगली पावडर सोयीची पडते. ‘चांगली’ या शब्दाशीच घोडं अडतं. डब्यावर छापलंय तेवढं आत असेलच, याची खात्री आपल्या बाजारात कोण देणार?

आता दुखण्याकडे. पावसाळ्यात साताऱ्यात डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. पहिल्यांदा पळालो तेव्हा चढाची धास्ती होती. चढ निभावला. उतारावर तर मी हवेत होतो, वाटलं ही मिळालेली बक्षिसीच. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, घराचा जिना उलटा उतरत होतो, तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्याला. बायको म्हणाली, ‘पळायला गेला होतास की पडायला?’

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे: मांड्या भरून येणं. मेहनतीच्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका कळसाला जातो. हे लॅक्टिक आम्ल साचल्याने होतं, असं अजूनही शाळेतल्या खेळाच्या मास्तरांपासून मोठमोठ्या लोकांपर्यंत सगळे सांगतात. हा समज मरायला तयार नाही. १९०२ सालीच थिओडोर हफ या अमेरिकी संशोधकाने लिहून ठेवलं होतं, की उशिरा येणारं हे दुखणं साध्या थकव्याहून वेगळं आहे, आत काहीतरी फाटत असावं. १९८३ साली सोक्षमोक्ष लागला. काही जणांना सपाटीवर पळवलं, काहींना उतारावर. सपाटीवाल्यांच्या रक्तात लॅक्टेट चढलं, पण पाय दुखले नाहीत. उतारावाल्यांचं चढलं नाही, पण पाय दुखले. तसंही लॅक्टेट तासाभरात पूर्ववत होतं. मंगळवारच्या जिन्याशी त्याचा काय संबंध?

उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. लांब होता होता आवळून धरायचं, हे त्याला सगळ्यात जड. त्या ओढाताणीत धाग्यांच्या आतली मांडणी जागोजाग विस्कटते, मग सूज, मग ठणका. बैठक मारताना खाली जाण्याचा भाग असाच. दिलासा एवढाच, की एकदा सोसलं की स्नायू धडा घेतो, आणि तोच उतार पुन्हा काही आठवड्यांनी कमी दुखवतो. दुसऱ्या वर्षी साताऱ्याआधी मी सिंहगडावरून चार रविवार पळत उतरलो. मंगळवारी जिना सरळ उतरलो.

इथे घोळ होतो तो असा, की दुखणं कमी करणं आणि स्नायू बांधणं ही एकच गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. बर्फाच्या टबात बसलं की दुखणं कमी वाटतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात वजन उचलणाऱ्या तरुणांचे दोन गट बारा आठवडे पाहिले. एक गट प्रत्येक वेळी दहा मिनिटं दहा अंश सेल्सियसच्या पाण्यात बसला, दुसऱ्याने हलकी सायकल चालवली. बर्फवाल्यांचे स्नायू आणि ताकद दोन्ही कमी वाढली. सूज हा बिघाड नसून गवंड्यांना दिलेलं बोलावणं आहे. दर वेळी दार लावून घेतलं तर ते येणार कसे? गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ साली दुखापतीसाठी ‘विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंच’ हे सूत्र लोकप्रिय केलं, आणि २०१४ साली त्यांनीच लिहिलं, की बर्फामुळे भरून येणं लांबू शकतं. असा मोकळेपणा दुर्मिळ.

वेदनाशामक गोळीचंही तसंच. २०१८ साली स्वीडनमध्ये तरुणांना आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन देऊन व्यायाम करवला. किंचितशी ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची स्नायूवाढ निम्म्यावर आली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत घामाने शरीर कोरडं पडलेलं असताना ही गोळी मूत्रपिंडांवरही ताण आणते. मॅरेथॉनच्या आदल्या रात्री ‘एक घेऊन ठेव’ म्हणणारे मित्र मला म्हणूनच नकोसे वाटतात.

पण बर्फ वाईट, असं म्हणून मोकळं होता येत नाही. स्पर्धेत आज उपांत्य फेरी आणि उद्या अंतिम असेल, तर सहा महिन्यांनी दंड किती भरणार याचं कुणाला काय? तेव्हा बसा खुशाल टबात. उलट पायाभूत तयारीच्या महिन्यांत तोच टब तुमची मेहनत धुऊन नेतो.

ताणाच्या व्यायामांबद्दल थोडक्यात सांगतो: आधी करा नाहीतर नंतर, दुखण्यावर त्याचा परिणाम शंभरात दोन-चार गुणांचा, असं एकत्रित आढावे सांगतात. लवचिकतेसाठी करायचे तर करावेत. मालिशीचं पारडं मात्र जड निघालं. २०१८ साली फ्रेंच संशोधकांनी सगळ्या उपायांची तुलना केली, तेव्हा दुखणं आणि थकल्याची भावना कमी करण्यात मालिश पहिली आली. तालमीत पोरं एकमेकांना तेल लावून रगडतात, त्यात चोळणाऱ्याचाही व्यायाम होतो, हा लाभ प्रयोगशाळेच्या तक्त्यात धरलेला नाही.

झोपेला मात्र तोड नाही. २०२१ साली एकच रात्र पूर्ण जागं ठेवलेल्या निरोगी माणसांत स्नायूंची प्रथिनं विणण्याची गती १८ टक्क्यांनी घसरली. एकच रात्र. पहाटे चारला उठून पळायला जाणारे आणि रात्री बारापर्यंत मोबाइल पाहणारे आम्ही मग महागड्या पावडरीत उत्तर शोधतो. दुपारी तालमीच्या ओसरीवर घोरत पडलेला पैलवान आम्हाला आळशी वाटतो.

राहता राहिलं पाणी. त्याचा अतिरेक वाईट, हे अजून लोकांच्या गळी उतरत नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ज्यांचं रक्त तपासलं, त्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलं होतं. त्यांतले बरेचसे वाटेत इतकं पाणी प्यायले होते, की शर्यतीत त्यांचं वजन उलट वाढलं. सोपी रीत म्हणजे पळायच्या आधी आणि नंतर अंग पुसून काट्यावर उभं राहायचं. एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, पण घोटाघोटाने आणि मीठ पोटात जाईल असं. मीठ-साखरेचं लिंबूपाणी, ताक, कोकम सरबत, जेवणातली आमटी, सगळं चालतं. आणि एक खूण लक्षात ठेवायची: अंग बेसुमार दुखतंय, सुजलंय आणि लघवी कोलासारखी काळपट झाली, तर घरगुती उपाय थांबवून थेट दवाखाना. स्नायू फुटून त्यातला माल मूत्रपिंडांत अडकत असतो तेव्हा असं होतं. बऱ्याच सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारणाऱ्यांत हे दिसतं.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरात एका तालमीत सकाळी गेलो होतो. हौद्याच्या कडेला बसून लढती पाहिल्या, नंतर पोरांबरोबर हौसेने पन्नास बैठका मारल्या आणि धापा टाकत भिंतीला टेकलो. थंडाई गाळून झाली होती. पोरांना शेरभर मावेल असे पितळी पेले. वस्तादांनी माझ्यासाठी चहाचा छोटा ग्लास मागवला आणि तोही अर्धाच भरला. मी पेल्यांकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

‘तुमास्नी एवढी बास हाय,’ ते म्हणाले. ‘ह्यांची सांजची मेहनत हाय. तुमी आता घरला जाऊन बसणार.’